स्वस्तातला मेटल डिटेक्टर बदलावा का? माझं मत: घाई नको

खोलखड्डा

दोन वर्षं झाली, हातात एकच यंत्र आहे. शिकाऊ माणसाने घ्यावं तसलं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा सिग्नल गाळायची जुळवणी) कारखान्यातूनच ठरवून आलेला, स्क्रीनवर धातूचा अंदाज देणारा एक आकडा आणि तीन सूर. माझ्याबरोबर येणाऱ्या तिघांनी गेल्या काही महिन्यांत चौपट किमतीची यंत्रं घेतली आणि आता दर फेरीला मला ऐकवतात, "अजून ते खेळणंच का?"

तर माझं म्हणणं लिहून टाकतो, खोडून काढा.

पहिले सहा महिने मला काहीही धड सापडलं नव्हतं आणि मीही यंत्रालाच शिव्या घालत होतो. मग एकदा मित्राने मागून माझा व्हिडिओ काढला. बघून लाजच वाटली. मी कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची चकती, झोपाळ्यासारखी फिरवत होतो. मधोमध जमिनीला टेकलेली आणि दोन्ही टोकांना वीतभर हवेत. वर जितकी वीत गेली तितकी खालची खोली गेली, साधा हिशोब आहे. शिवाय चालण्याचा वेग असा, की दोन फेऱ्यांच्या मध्ये हातभर पट्टा न तपासलेलाच राहायचा. ते सुधारलं, सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकावरून दोन घरं खाली आणली (फुल ठेवली की यंत्र विजेच्या तारांशीच गप्पा मारतं), हेडफोन लावले आणि "संपलेल्या" शेतात पुन्हा गेलो. त्याच यंत्राने तीन नाणी दिली.

नवं यंत्र घेतलेल्याला जास्त सापडतं त्याचं निम्मं कारण माझ्या मते हे, की पैसे घातल्यामुळे तो पुढचे दोन महिने दर सुट्टीला बाहेर पडतो आणि हळू चालतो. ते पैसे चांगला पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी), एक लहान कॉइल आणि न वाकणारं खुरपं यांवर घाला. उरतीलही.

लाटेवरची

साफ असहमत. तुम्ही शेतात जाता म्हणून हे लिहू शकता. ओल्या वाळूत या एकदा.

मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला ओली वाळू हाच एक भला मोठा, पातळ धातूचा पत्रा वाटतो. कॉइल दोन बोटं वर उचलली की आकडा बदलतो, लाट परत गेली की पुन्हा बदलतो. मी पहिलं वर्ष असंच काढलं. यंत्र अखंड किलबिलत राहायचं. शांत करायला सेन्सिटिव्हिटी इतकी उतरवावी लागायची, की वाळूवर पडलेली अंगठी डोळ्यांनी आधी दिसावी आणि यंत्राला नंतर.

मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र एकाच वेळी दोन-चार फ्रिक्वेन्सींवर ऐकतं. मीठ या सगळ्यांना सारखं उत्तर देत नाही, त्यामुळे त्याचा वाटा ओळखून वजा करता येतो. हे तंत्र पूर्वी फक्त महागड्यांत असायचं. २०१८ मध्ये मायनलॅबचं इक्विनॉक्स आल्यावर ते मधल्या गटात उतरलं. इथे कॉइल नीट फिरवायचा सल्ला देऊन काही उपयोग नाही हो. भौतिकशास्त्रच आडवं येतं.

सहावाघात

भौतिकशास्त्राचं नाव निघालंच आहे तर मी धागाकर्त्याच्या बाजूने बोलतो.

"नवं यंत्र दुप्पट खोल जातं" असं दुकानातही सांगतात आणि मित्रही. कॉइलपासून जरा दूर गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जातं. त्या क्षेत्रामुळे नाण्यात बारीक भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि ते कॉइलपर्यंत परत येताना पुन्हा घनाच्याच प्रमाणात कमी होतं. जाताना घन, येताना घन, मिळून सहावा घात. खोली दुप्पट हवी असेल तर ६४ पट बारीक सिग्नल ऐकता आला पाहिजे. नुसती २० टक्के खोली वाढवायची तरी जवळपास तिप्पट.

म्हणून नाण्याएवढ्या वस्तूसाठी स्वस्त आणि महाग यांच्यातला फरक, साध्या जमिनीत, बोटांनी मोजण्याइतका असतो. खोलीसाठी यंत्र बदलणारा माणूस निराश होणार हे लिहून ठेवा.

जुनाखिळा

+१

आणि ब्रिटनमधली दोन उदाहरणं. स्टॅफर्डशायरचा खजिना, २००९. अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं-चांदी, साडेतीन हजारांहून जास्त तुकडे. टेरी हर्बर्ट यांच्या हातातलं यंत्र तेव्हाच १४ वर्षं जुनं होतं.

दुसरं त्याहून गमतीचं. १९९२, हॉक्सन गाव. एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली, ती शोधायला एरिक लॉज निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं यंत्र घेऊन गेले. सापडली जवळपास १५,००० रोमन नाणी. थोडं खणून त्यांनी हात आवरला आणि कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना पेटी मातीत जशी होती तशी उकलता आली. हातोडीही मिळाली, तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

शंकेखोर

जुनाखिळा, दोन्ही किस्से खरे, निष्कर्ष चुकीचा. ज्यांना स्वस्त यंत्रावर काही सापडलं नाही त्यांची नावं कोण छापतं? शिवाय सोन्या-चांदीचा एवढा ढीग असेल तर कुठलंही यंत्र ओरडणारच. प्रश्न एकट्या, वीतभर खाली आडव्या-तिडव्या पडलेल्या नाण्याचा आहे.

जुनाखिळा

ढीग असला तरी त्याच्यावरून चालावं लागतं साहेब. ते चालणं यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

पडकीभिंत

तुम्ही सगळे खोलीवर भांडताय आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. लोखंड!

मी पडक्या वस्त्यांवर फिरतो. तिथे पावलापावलाला खिळे. घरी टेबलावर करून बघा. लाकडी टेबल घ्या, त्यात खिळे-स्क्रू नसलेला. एक नाणं आडवं ठेवा, त्याच्या शेजारी चार बोटांवर एक गंजका खिळा. लोखंड गाळायची सेटिंग चालू करून कॉइल फिरवा. खिळ्यावरून गेली की यंत्र गप्प होतं, आणि ते भानावर येईपर्यंत कॉइल नाण्याच्या पुढे गेलेली असते. नाणं तिथेच आहे, डोळ्यांसमोर आहे, यंत्राला नाही. आता नाण्याच्या दोन्ही बाजूंना खिळे ठेवा आणि ते बोटभर खाली आहेत अशी कल्पना करा.

महागडी यंत्रं इथे पैसे वसूल करतात. एका सिग्नलमधून सावरून दुसरा ऐकायला लागणारा वेळ, ज्याला रिकव्हरी स्पीड म्हणतात, तो त्यांच्यात फार कमी असतो. मी बदललं तेव्हा एका चौथऱ्याच्या मागे, जिथे आधी वीसेक वेळा गेलो होतो, पहिल्याच दुपारी एक बक्कल आणि दोन नाणी आली. खोली किती? तळहाताएवढी. खोलीचा संबंधच नव्हता.

खोलखड्डा

@पडकीभिंत, टेबलाचा प्रयोग आत्ताच केला. तुमचं वर्णन बरोबर आहे. पण मग मी लोखंड गाळणं बंद केलं आणि सगळं ऐकलं. खिळ्याला "घुर्र", लगेच मागोमाग अर्धवट कापलेलं "टिं". कानाला सवय असेल तर तो तुटका सूर पकडता येतो. आणि १५ सेंटिमीटरची गोल कॉइल लावली तर एका वेळी कॉइलखाली खिळेच कमी येतात. लहान कॉइल म्हणजे गरिबाचा रिकव्हरी स्पीड.

पडकीभिंत

वाक्य झकास. पण त्या कॉइलने एक परसदार तपासायला तुम्हाला अख्खी दुपार लागेल, आणि तासाभरात "घुर्र-टिं" ऐकून डोकं उठेल. मी तीन वर्षं तेच करत होतो.

अर्धवट_शहाणा

बदलून पस्तावलेला माणूस हजर आहे.

वरच्या गटातलं घेतलं. मॉडेल सांगत नाही, यंत्राचा दोष नव्हता. मेनूमध्ये मेनू. लोखंडाचा समतोल वेगळा, सुरांची विभागणी वेगळी, प्रत्येक पट्ट्याचा आवाज वेगळा. दर फेरीला तीन गोष्टी बदलायचो, त्यामुळे काय केल्याने काय झालं ते कधी कळलंच नाही. शेवटी कारखान्याच्या सेटिंगवर आणून ठेवलं. म्हणजे काय, चौपट पैसे देऊन पुन्हा एका बटणाचं यंत्र केलं.

आणखी एक भ्रम फुटला तो सांगतो. मला वाटायचं, महागडं यंत्र सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या कॅनची खेचायची कडी वेगळी ओळखेल. नाही ओळखत. स्क्रीनवरचा आकडा येतो तो परतीच्या सिग्नलला किती उशीर झाला त्यावरून, आणि तो उशीर धातूचा प्रकार, जाडी, आकार सगळं मिळून ठरतो. पातळ अंगठी आणि अॅल्युमिनियमची कडी एकाच आकड्यावर येऊन बसतात. कड्या गाळल्या तर अंगठ्याही गेल्या. सगळं खणायचं, यंत्र कितीचंही असो.

लाटेवरची

कड्यांबद्दल शंभर टक्के. माझ्या पिशवीत किलोभर आहेत.

नवखा_७

मी अजून घेतलेलंच नाही. मग सरळ मधल्या गटातलंच घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही ना?

सहावाघात

कुठे फिरणार ते सांगा, मग उत्तर मिळेल. किनारा असेल तर हो, थेट मल्टी-फ्रिक्वेन्सी. कोरडं शेत असेल तर स्वस्तातलं घ्या आणि आधी हा छंद तुम्हाला मानवतो का ते बघा. बरीच यंत्रं चौथ्या फेरीनंतर माळ्यावर जातात. आणि कुठेही गेलात तरी जागेच्या मालकाची आणि कायद्याची परवानगी आधी, यंत्र नंतर.

शंकेखोर

सहावाघात, कोरडं शेत म्हटलं की झालं असं नाही. मातीत लोहखनिज किती आहे त्यावर सगळं अवलंबून. काळी वाळू, लालबुंद माती, अग्निजन्य खडकाची माती, अशा जमिनीत कारखान्यात ठरवलेला ग्राउंड बॅलन्स निम्मी खोली खातो आणि चांगल्या नाण्याचा आकडा लोखंडाकडे ढकलतो. तुमचं ६४ पटींचं गणित बरोबरच आहे, पण ते मधे माती नसताना, नुसत्या हवेतलं. तिथे हाताने किंवा बटण दाबून ग्राउंड बॅलन्स करता येणारं यंत्र हवं. ते सगळ्यात महागडं असायची गरज नाही.

आणि खोलखड्डा, तुमचा पूर्ण धागा "मला वाटतं" वर उभा आहे. मित्राचं यंत्र एक दिवस मागून घ्या. छोटी झेंडी घेऊन जा. आधी एका यंत्राने सिग्नल शोधा, खणू नका, झेंडी लावा. मग दुसरं यंत्र त्याच झेंड्यांवरून फिरवा. दोन्हीचं मत लिहा, मग खणा. दुसऱ्या पट्ट्यात क्रम उलटा. नाहीतर हे भांडण पुढच्या वर्षीही इथेच चालू असेल.

खोलखड्डा

मान्य. करतो.

खोलखड्डा (आठ दिवसांनी)

केलं. तीन जागा. मित्राचं यंत्र मल्टी-फ्रिक्वेन्सी, साधारण दोन वर्षं जुनं.

नांगरलेलं शेत, पहिला पट्टा. माझ्या यंत्राच्या ११ झेंड्या. त्याच्या यंत्राने अकराही ऐकल्या, दोन ठिकाणी आकडा वेगळा दाखवला, आणि त्या दोन्हींत त्याचा बरोबर निघाला (एक बटण, एक शिशाचा तुकडा, मी दोन्हींना नाणं म्हणत होतो). दुसरा पट्टा उलट क्रमाने. त्याच्या १२ झेंड्या, माझ्याने ११ ऐकल्या. बारावी होती खुरप्याच्या पूर्ण पात्याइतक्या खोल, काठावर उभं राहिलेलं नाणं. एवढा फरक.

पडकं घर. पडकीभिंत, तुमच्यासाठी मुद्दाम. त्याच्या ६ झेंड्या. माझ्या मूळ कॉइलने ऐकल्या २. लहान कॉइल लावल्यावर ४. उरलेल्या दोन जागी मी गुडघ्यावर बसून, चारही दिशांनी, माहीत असूनही फिरवलं. फक्त "घुर्र". खणल्यावर एक नाणं, एक नुसती पत्र्याची गुंडाळी.

ओली वाळू. यावर फार लिहीत नाही. लाटेवरची, तुम्ही म्हणालात तसंच. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणूनही प्रत्येक लाटेला टिंगटिंग. दहा मिनिटांनी बंद करून पिशवीत घातलं. त्याचं यंत्र तिथेच शांत होतं.

तर किनाऱ्यावर मी हरलो, शेतात नाही, आणि पडक्या घरात चार विरुद्ध सहा.

शंकेखोर

चार विरुद्ध सहा, त्यातली एक पत्र्याची गुंडाळी. म्हणजे एक नाणं. नमुना फारच लहान आहे.

पडकीभिंत

त्या एका नाण्यासाठीच तर आपण जातो.

लाटेवरची

मग आता काय ठरलं तुमचं?

खोलखड्डा

मी शेतातच जास्त फिरतो. त्यामुळे मूळ मत कायम. लहान कॉइल विकत घेतली आहे.

जुनाखिळा

आणि मित्राचं यंत्र परत केलंत का?

खोलखड्डा

रविवारी करणार आहे.

पडकीभिंत

शनिवारी कुठे जाताय?

खोलखड्डा

त्या पडक्या घराची मागची बाजू राहिली आहे.