५-आयोडो-२'-डीऑक्सियुरिडीन + इथायनिलफेरोसीन: एकाच वस्तुमानाचे दोन पदार्थ येतात

प्रश्न
सोनोगाशिरा कपलिंग (पॅलेडियम-तांब्याच्या मदतीने आयोडीनच्या जागी अल्काइन, म्हणजे तिहेरी बंधाचा रेणू, जोडणे), न्यूक्लिओसाइडच्या (साखर जोडलेला नायट्रोजनी बेस) साखरेचे हायड्रॉक्सिल मोकळे, म्हणजे संरक्षण न दिलेले. पॅलेडियम टेट्राकिस (टेट्राकिस ट्रायफेनिलफॉस्फिन पॅलेडियम) १० मोल टक्के, कॉपर आयोडाइड ४० मोल टक्के, डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, द्रावक), ६० अंश, रात्रभर. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) दोन ठिपके अगदी लागून येतात आणि मास दोन्हींचा ४३७ (एम+एच). शिवाय कॉलमनंतरचा प्रोटॉन एनएमआर इतका पसरट येतो की त्यातून काहीच वाचता येत नाही. काय बदलावे?

प्रतिसाद १
दुसरा पदार्थ म्हणजे वलय मिटलेला (नवे वलय बनून बंद झालेला) फ्युरोपिरिमिडीन. तांबे अल्काइनला सक्रिय करते आणि ओ-४ (बेसच्या चौथ्या स्थानावरचा ऑक्सिजन) त्यावर हल्ला करतो. तांबे जास्त आणि वर उष्णता, म्हणजे त्याला आमंत्रणच.

१ मिलिमोलसाठी: न्यूक्लिओसाइड ३५४ मिग्रॅ, इथायनिलफेरोसीन ३१५ मिग्रॅ (१.५ समतुल्य), पॅलेडियम टेट्राकिस ११६ मिग्रॅ, कॉपर आयोडाइड ३८ मिग्रॅ (२० टक्के), ट्रायएथिलअमीन ०.२८ मिली, डीएमएफ ५ मिली. खोलीच्या तापमानाला, अंधारात. डीएमएफ गोठवून-निर्वात करून-वितळवून तीनदा डिगॅस करा (विरघळलेला वायू काढा), नुसता आर्गॉनचा बुडबुडा पुरत नाही. ऑक्सिजन राहिला की अल्काइन ग्लेझर मार्गाने (तांबे व ऑक्सिजनमुळे दोन अल्काइन जुळण्याची अभिक्रिया) स्वतःशीच जुळते आणि डायफेरोसेनिलब्युटाडायाइन होते. कॉपर आयोडाइड पांढरट हवे. तपकिरी झालेले वापरू नका. आयोडो-न्यूक्लिओसाइड संपले की लगेच थांबवा.

प्रतिसाद २
ओळखायचे कसे, तर एनएमआरवर. साधे फ्युरोपिरिमिडीन ३६५ नॅनोमीटरखाली निळे चमकते, पण फेरोसीन ती चमक विझवतो, त्यामुळे यूव्ही दिव्यावर भिस्त ठेवू नका. डीएमएसओ-डी६ मध्ये हव्या त्या पदार्थाचा एन-३ (तिसऱ्या स्थानावरचा नायट्रोजन) वरचा प्रोटॉन ११.६ पीपीएमच्या आसपास दिसतो. वलय मिटले की तो जातो, ६.४ ते ७.२ मध्ये नवा एकेरी सिग्नल येतो, आणि एच-६ (सहाव्या स्थानावरचा प्रोटॉन) साधारण ८.२ वरून ८.६ च्या पुढे सरकतो.

पसरट एनएमआरचे कारण बहुधा फेरोसेनियम (फेरोसीनचे ऑक्सिडीकृत रूप). आम्लधर्मी सिलिकावर हवेत थोडे ऑक्सिडेशन होते आणि फेरोसेनियम अनुचुंबकीय असल्याने सिग्नल पसरतात. द्रावण हिरवट-निळसर दिसत असेल तर नळीत चिमूटभर सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट टाकून पुन्हा घ्या. कॉलमला १ टक्का ट्रायएथिलअमीन घाला. उरलेले तांबेही सिग्नल पसरवते.

प्रतिसाद ३
अभिक्रियेत बनणारे ट्रायएथिलअमोनियम आयोडाइड हे क्षार उत्पादनासोबत कॉलममधून घसरत येते. कॉलमआधी मिश्रण मेथॅनॉल-डायक्लोरोमिथेनमध्ये घेऊन बायकार्बोनेट रूपातल्या अ‍ॅनायन रेझिनवर अर्धा तास ढवळा, गाळा, मग चढवा.

तरीही वलय मिटतच असेल तर एन-३ वर बेंझॉइल संरक्षण. फक्त ते काढताना अमोनिया-मेथॅनॉल वापरणार असाल तर आधी फ्युरोपिरिमिडीन पूर्ण वेगळे करा. अमोनिया त्याचे पायरोलोपिरिमिडीन करतो आणि मासमध्ये एक एकक कमी असलेला तिसरा ठिपका गळ्यात पडतो.

प्रश्नकर्ता
हीच कृती ८-ब्रोमो-डीऑक्सिग्वानोसीनवर चालेल?

प्रतिसाद १
जशीच्या तशी नाही. अल्कलीत ग्वानीनचा एन-१ प्रोटॉन सोडतो आणि एन-१/ओ-६ पॅलेडियमला धरून ठेवतात, म्हणून गती पडते. तिथे ओ-६ झाकून घ्या.