पत्रापेक्षा मायक्रोमीटर बरा

कामाला माणूस घेताना त्याचं अनुभवाचं पत्र नीट वाचलं की खोटेपणा कळतो, असं काही जण म्हणतात. आमच्या वाळूज एमआयडीसीत तरी तसं नाही हो. लेटरहेड कुठंही छापून मिळतं, आणि पत्रावरच्या नंबरला फोन लावला तर उचलणारा उमेदवाराचाच मावसभाऊ! माझ्यासोबत झालंय हे.

आता मी पोराला समोर बसवून त्याच्याच मोबाइलवर पीएफची सर्व्हिस हिस्टरी उघडायला सांगतो (पासवर्ड आपण मागायचा नाही). कुठं कधी लागला, कधी सोडलं, तारखेसकट दिसतं. पण 20 पेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला पीएफ सहसा सक्तीचा नसतो, आणि कंत्राटी पोरांची नोंद बऱ्याचदा ठेकेदाराकडं असते. त्यामुळं कंपनीचं नाव दिसलं नाही म्हणून लगेच लबाड ठरवू नका.

मार्कशीट डिजीलॉकरमधली बघा, तीही बोर्डाकडून आलेली; स्वतः अपलोड केलेला फोटो नको.

मागं एक जण 'पाच वर्षं व्हीएमसी ऑपरेटर' (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापणारं मशीन) म्हणून आला. बोलायला फर्डा. मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात देऊन जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, मोजायला लावला. 12.73 मिलिमीटरचा जॉब त्यानं 12.23 सांगितला. स्लीव्हवरची (मायक्रोमीटरच्या न फिरणाऱ्या दांड्यावरची) अर्ध्या मिलिमीटरची रेघच सोडली! मग हळूच म्हणाला, "साहेब, दोन वर्षं मशीनवर फक्त जॉबचं लोडिंग-अनलोडिंग केलंय." हेल्पर म्हणून ठेवला, आज मशीनचं सेटिंग शिकतोय.

तसं बघितलं तर सहा महिन्यांत जमणाऱ्या कामाला पाच वर्षांचा अनुभव जाहिरातीत मीच मागितला होता.