‘सीझन संपला की दोन महिने बूट पेटीत’ म्हणणाऱ्यांसाठी

टिळकवाडीचा लेफ्ट बॅक
काल एका शहाण्याने लांबलचक पोस्ट टाकली. सार एवढंच: फुटबॉलच्या सीझनभर शरीर झिजतं, म्हणून शेवटची मॅच झाली की दोन महिने बूट पेटीत टाकायचे. पळणं नको, जिम नको, दुखणं आपोआप भरून येतं आणि प्रॅक्टिस सुरू झाली की आठवड्यात फिटनेस परत. खाली अंगठ्यांचा पाऊस. वाचून डोकं उठलं.

मी पोरांना प्रॅक्टिस देतो. आमच्या बेळगावात माणूस दुखापतीनं फायनलला कमी, जूनमध्ये प्रॅक्टिसच्या पहिल्या आठवड्यात जास्त पडतो. एप्रिल-मे म्हणजे लग्नं, जत्रा आणि वाटीवर वाटी आमरस. मग पहिल्याच दिवशी ‘आम्ही काय म्हातारे झालो काय’ म्हणून फुल्ल स्प्रिंट. यंदा आमचा विंगर पळता पळता मध्येच थांबला आणि रागाने मागे वळून बघायला लागला. त्याला वाटलं कुणीतरी मांडीवर दगड मारला. मागे कुणीच नव्हतं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू गेला.

विश्रांती हवीच की, कोण नको म्हणतंय? एक-दोन आठवडे अंग टाका. पण दोन-तीन आठवडे काहीच केलं नाही की दम उतरायला लागतो, आणि जोरात पळायचं कसं ते मांडीचा मागचा स्नायू विसरतो. युरोपातल्या मोठ्या क्लबांत २००१-०२ ला एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ ला २४ टक्के. तिथं डॉक्टर, फिजिओ, जीपीएस सगळं असून ही गत. आपण कशाच्या जोरावर आमरस ओढायचा?

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे, त्याला पैसे पडत नाहीत. एकाने गुडघे टेकायचे, दुसऱ्याने त्याचे घोटे दाबून धरायचे, आणि कमरेत न वाकता जमेल तेवढं सावकाश पुढं झुकायचं. सुट्टीत आठवड्यातून दोनदा पुरे.

शहापूरचा शेर
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला जीभ झडली असती काय?
जर्मनीचा गोली मॅन्युएल न्यूअर माहीत असेल. २०२२ च्या वर्ल्ड कपमधून जर्मनी बाहेर पडली, साहेब सुट्टीत स्कीइंगला गेले आणि पाय मोडून घेतला. परत मैदानात ऑक्टोबर २०२३ ला. घरी झोपला असता तर? शरीराला विश्रांती द्या म्हटलं की तुम्हा कोच लोकांचं पोट का दुखतं कळत नाही. तुमच्या विंगरला पहिल्या दिवशी फुल्ल स्प्रिंट मारू कुणी दिला, तेही सांगा की.

टिळकवाडीचा लेफ्ट बॅक
न्यूअरचा पाय नॉर्डिक करताना मोडला काय? स्पेनचा गोली कॅनिझारेस २००२ च्या वर्ल्ड कपला मुकला, कारण आफ्टरशेव्हची बाटली पायावर पडून स्नायूबंध तुटला. म्हणून उद्या तू दाढीही सोडायला सांगशील.
आणि स्प्रिंट मी दिला नव्हता. शिट्टी वाजायच्या आधीच दोघांची पैज लागली होती.

कडोली एक्सप्रेस
दोघंही मूळ सोडून बोलायलाय. सगळं हाफपीच क्रिकेटमुळं हाय. मे महिन्यात गावोगाव टेनिस बॉल, रोख बक्षीस, आणि आमचे निम्मे फुटबॉलर त्यात. जमीन बघा उन्हाळ्यातली, दगड परवडला. त्यावर साध्या चपट्या बुटात रन चोरायचा म्हणून गर्रकन वळायचं. गुडघा जातो तिथं आणि बोंब होते फुटबॉलच्या नावानं.

निपाणीकर
झालं, आलं क्रिकेटवर. मर्दा, तुमच्या मैदानावर प्रदर्शन लागतं, सभा होतात, मांडवाचे खड्डे तसेच सोडून माणसं जातात, त्याबद्दल एक शब्द नाही. एका मैदानावर मी स्वतः खड्ड्यात पाय घालून घोटा फिरवून घेतलाय. तेव्हा हातात बॅट नव्हती.

अनगोळकर मामा
आमच्या काळात ना फिजिओ, ना एमआरआय. घोटा फिरला, गुडघा सुजला की हाडवैद्याकडं जायचं. तो नुसता हात फिरवून सांगायचा कुठं सरकलंय. झाडपाल्याचा लेप, वर कामट्या, घट्ट पट्टी. तीन आठवड्यांत पोरगं मैदानात. माझा स्वतःचा घोटा तसाच बरा झाला, आजही देवळाच्या पायऱ्या चढतो. आता जरा दुखलं की मशीनमध्ये घालतात. शेरचं बरोबर आहे, शरीर आपलं आपण भरून काढतं.

फिजिओताई
मामा, घोटा मुरगळला असेल तर तुमचा हाडवैद्य काय आणि मी काय, बहुतेक वेळा तो बरा होणारच होता. त्याचं श्रेय त्यांनी खुशाल घ्यावं. माझा राग गुडघ्याबद्दल आहे.

खानापूर भागातला एक पोरगा. मार्चमध्ये शेवटच्या मॅचला वळताना गुडघ्यात ‘कट्’ आवाज आला, संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा. घरच्यांनी पट्टी बांधून आणली, ओढून-ताणून ‘बसवला’सुद्धा. मग शेरच्या पोस्टप्रमाणे दोन महिने संपूर्ण विश्रांती. सूज गेली, दुखणं गेलं, सरळ पळायला येऊ लागलं. सगळे खूश. जूनमध्ये चिखलात पहिल्याच दिवशी डावीकडं कट मारला आणि गुडघा खालून निसटला. माझ्याकडं आला तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा बंध, तर गेलेलंच होतं, मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादीही फाटली होती. दिवाळीनंतर त्याला गोव्यात ट्रायलला जायचं होतं.

एसीएल तुटलेला माणूस काही आठवड्यांनी बरा दिसतो. जिना चढतो, गाडी चालवतो, वरातीत नाचतोसुद्धा. वळताना मात्र उघडा पडतो. ऑफ-सीझनमध्ये वळायची वेळच येत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. झोपून राहून दुखणं बरं झालं असं वाटतं ते यामुळं.

अनगोळकर मामा
एका पोरावरून सगळे हाडवैद्य चोर ठरवले. छान. एमआरआयचे पैसे कोण देणार ते सांगा ताई. गवंड्याच्या हाताखाली जाणारं पोरगं, त्याला तुम्ही सहज सांगता आधी फोटो काढून ये.

वडगावचा बाबू
मामा बरोबर बोलले. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना त्यांची आरोग्य योजना दिली म्हणून पेढे वाटले होते. भावाच्या गुडघ्यासाठी मी कागद घेऊन हिंडलो. इकडचे म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात हा दाखला चालत नाही, तो आणा. तो आणला तर कन्नडमध्ये आहे, मराठीत करून आणा. तोवर भाऊ लंगडत कामावर जायला लागला.

कडोली एक्सप्रेस
आता सीमाप्रश्न आला म्हणजे धागा डिसेंबरपर्यंत चालणार. ताईंना एक विचारतो, ऑपरेशन झालं की सहा महिन्यांत खेळतात ना? आमच्यातला एक खेळायलाय.

फिजिओताई
खेळतोय, आणि पुन्हा तुटायची शक्यता वाढवून घेतोय. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळजवळ निम्म्याने उतरतो. शिवाय नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. ऑपरेशनच्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी हवी, एका पायावर उडी मारून नीट उतरता आलं पाहिजे. लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकचा गुडघा ऑक्टोबर २०२० मध्ये गेला. मधे युरो कप आला, तो गेला नाही. जुलै २०२१ च्या शेवटी प्री-सीझनच्या मॅचमध्ये उतरला. आपल्या भारताच्या डिफेंडर संदेश झिंगनचा गुडघ्यापायी २०१९-२० चा अख्खा सीझन गेला.

मामा, पैशाचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण गुडघा पुढं-मागं किती सरकतो हे जाणकार माणूस हातानंही तपासतो, त्याला मशीन लागत नाही. सूज जरा उतरली की दाखवा, एवढंच म्हणणं आहे. ओढून बसवायला गुडघा काय निखळलेला खांदा नव्हे.

शहापूरचा शेर
व्हॅन डाइक युरोला गेला नाही. म्हणजे विश्रांती घेतली. माझंच म्हणणं.

टिळकवाडीचा लेफ्ट बॅक
त्या नऊ महिन्यांत तो रोज घाम गाळत होता, बेळगावच्या कॅम्पातल्या बाकावर कुंदा खात बसला नव्हता!

शहापूरचा शेर
बरं बाबा. दोन महिने नाही, दोन आठवडे. झालं समाधान? उरलेले सहा आठवडे तुझ्यासारखे कोच उठाबशा काढून दाखवणार असतील तर मी स्वतः येतो, व्हिडिओ काढायला. मात्र पहिल्या दिवशी स्प्रिंट देणार नाही हे लिहून द्या. निम्मी दुखणी तिथंच थांबतील.

टिळकवाडीचा लेफ्ट बॅक
पहिला आठवडा फिफा इलेव्हन प्लसचा वॉर्म-अप, वीस मिनिटं, आणि बॉल नंतर. पोरं शिव्या घालतात, घालू देत. पैज लावणारे दोघं पुढच्या वेळी फेऱ्या मारतील.

अनगोळकर मामा
हाडवैद्य निखळलेला खांदाही बसवतो, ताई.

फिजिओताई
आणि हाड मोडलंय का ते न बघताच बसवतो, मामा. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.

हिंदळगा गोली
भांडण झालं असेल तर माझं बघा. काल घोटा आत वळला, सुजलाय. रविवारी मॅच आहे. खेळू काय?

फिजिओताई
वजन टाकून चार पावलं चालता येतात काय? घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं काय?

हिंदळगा गोली
चार पावलं होतात, भिंत धरून. बाहेरच्या हाडामागं दाबलं तर जीव जातो. पण आमच्यात दुसरा गोली नाही.

फिजिओताई
उद्या सकाळी एक्स-रे. आणि कॅप्टनला आत्ताच फोन करून गोली शोधायला सांगा.