ड्रोन उडवताना जवळच्या विमानांची वॉर्निंग कशी मिळवता? सल्ला हवा

उडतीखार:
मंडळी, माझ्याकडे सध्या २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन आहे, आता मॅपिंगसाठी (वरून फोटो काढून जमिनीचा नकाशा करायला) मोठा घ्यायचाय. जिथे उडवणार तिथून अधूनमधून हेलिकॉप्टर जातात आणि तीही चांगलीच खालून. वॉर्निंगसाठी फोनवरचं ट्रॅकिंग ॲप पुरेल, का ड्रोनमध्येच रिसीव्हर असलेला घेऊ, का वेगळं काही बसवतात? जाहिरातीत सगळेच सेफ्टी सेफ्टी करतात, आत नक्की काय असतं ते कोणी सांगेल का

रेडिओकिडा:
मोठ्या विमानांत आणि बऱ्याच हेलिकॉप्टरांत एडीएस-बी असतं, म्हणजे विमान जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि ती जागा, उंची, वेग, दिशा, ओळख क्रमांक असं सगळं १०९० मेगाहर्ट्झवर सतत ओरडून सांगत असतं, कोणी विचारायची वाट न बघता, जागा तर सेकंदाला साधारण दोनदा. ड्रोनमधला रिसीव्हर फक्त ऐकतो, ड्रोनच्या जागेशी ताडून बघतो आणि जवळ येतंय वाटलं की रिमोटच्या स्क्रीनवर वॉर्निंग टाकतो. अमेरिकेत १८,००० फुटांखाली ९७८ मेगाहर्ट्झही चालतं, तिथे दोन्ही ऐकणारा बघावा. डीजेआय ही ड्रोन कंपनी याला एअरसेन्स म्हणते, २०२० पासून २५० ग्रॅमवरच्या नव्या ड्रोनमध्ये देणार असं त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. तरी स्पेसिफिकेशन आपल्या भागाचंच वाचा, त्यांचाच मॅव्हिक एअर २ हा ड्रोन आला तेव्हा ते फक्त उत्तर अमेरिकेतल्या युनिटांत होतं.

ढगातला_ढ:
मी तर फोनवर फ्लाइटरडार२४ हे साधं ट्रॅकिंग ॲप उघडून ठेवतो, काम होतं

रेडिओकिडा:
उडवायच्या आधी नजर टाकायला ठीक आहे, हवेत असताना त्याच्या भरवशावर राहू नका. तो डेटा मुख्यतः जमिनीवर लावलेल्या रिसीव्हरांकडून येतो आणि हे सिग्नल सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. ३५,००० फुटांवरचं विमान शेकडो किलोमीटरवरून ऐकू येतं पण दरीतून ५०० फुटांवर चाललेलं हेलिकॉप्टर, जवळपास रिसीव्हर नसेल तर, नकाशावर नसतंच, आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच! शिवाय मोबाइलची रेंज गेली की चित्र गोठतं. ड्रोनमधल्या रिसीव्हरला इंटरनेट लागत नाही आणि तो स्वतःच वर असल्यामुळे त्याला जमिनीवरच्यापेक्षा बरंच जास्त ऐकू येतं.

घारोबा:
पण यात एक मेख आहे, जो बोलतच नाही तो ऐकू कसा येणार. युरोपात एडीएस-बीची सक्ती ५,७०० किलोवरच्या किंवा २५० नॉटपेक्षा वेगवान विमानांना, अमेरिकेत २०२० पासून आहे पण ठरावीक हवाई क्षेत्रातच. छोटी विमानं, मायक्रोलाइट, पॅराग्लायडर यातले कित्येक गप्प. ग्लायडरवाले फ्लार्म नावाचं टक्कर टाळायची वॉर्निंग देणारं यंत्र वापरतात, ते युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, १०९० वाल्याला त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे स्क्रीन कोरी आहे म्हणून आकाश मोकळं असं धरायचं नाही. मी शेजारी एक माणूस उभा करतो, त्याला स्क्रीन बघायचीच नाही, आकाश बघायचं आणि कान उघडे ठेवायचे, बास.

उडतीखार:
पटलं. मग वॉर्निंग आल्यावर करायचं काय? विमानाची उंची दाखवतात ना, ते विमान बरंच वर असेल तर आपलं काम चालू ठेवलं तर?

घारोबा:
त्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. ड्रोन दाखवतो ती उंची टेकऑफच्या जागेपासूनची. विमान सांगतं ती बहुतेक वेळा हवेच्या दाबावरून काढलेली, तीही १०१३.२५ हेक्टोपास्कल हा ठरीव दाब धरून. त्या दिवशीचा दाब १० हेक्टोपास्कलने इकडेतिकडे असला की तिथेच ८० मीटरचा घोळ, आणि आपली ड्रोन उडवायची मर्यादाच बहुतेक देशांत १२० मीटर!

आता वेळेचं बघा. हेलिकॉप्टर ताशी २५० किमीने येतंय म्हणजे सेकंदाला ७० मीटर. ५ किमीवर असताना कळलं तर हातात ७० सेकंद, १ किमीवर कळलं तर १४. ड्रोन सेकंदाला ५ मीटरने उतरतो धरलं तर १२० मीटरला २४ सेकंद लागतात. विमान अगदी जवळ आल्याच्या लाल वॉर्निंगपर्यंत थांबलात तर उतरायला वेळच उरत नाही. त्यामुळे पहिलीच सूचना आली की मिशन (ठरवून दिलेलं आपोआप उड्डाण) पॉज करून सरळ खाली. रिटर्न टू होम, म्हणजे आपोआप परत बोलवायचं बटण, दाबू नका हं, कारण ड्रोन परतीसाठी ठरवलेल्या उंचीच्या खाली असेल तर तो परत यायच्या आधी वर चढतो.

ढगातला_ढ:
पण ड्रोन स्वतःच बाजूला होत नाही का? अडथळे टाळतो की

रेडिओकिडा:
ते कॅमेरा सेन्सर झाडाभिंतींसाठी असतात, वीस-तीस मीटरच्या पल्ल्याचे. एअरसेन्स नुसतं सांगतं, स्टिक आपणच ओढायची. स्वतः बांधलेला ड्रोन असेल तर गंमत वेगळी आहे, अर्डुपायलट या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर पिंगआरएक्ससारखा एडीएस-बी रिसीव्हर जोडला की मिशन प्लॅनर या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमच्या नकाशावर विमानं दिसतात आणि सेटिंग केलं तर तो आपोआप खाली-वर किंवा आडवा सरकतो. क्यूब ऑरेंज या फ्लाइट कंट्रोलरच्या (ड्रोनच्या मेंदूच्या) एका कॅरिअर बोर्डात, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या पट्टीत, तर १०९० चा रिसीव्हर आतच येतो. पण नवशिक्याने ऑटो ॲक्शनच्या नादी लागू नये, आधी नुसती सूचना देण्यावर ठेवावं.

उडतीखार:
एक बाळबोध प्रश्न, ड्रोननेच एडीएस-बी पाठवलं तर पायलटलाच दिसेल ना आपण?

घारोबा:
सगळ्या ड्रोननी ओरडायला सुरुवात केली तर ती फ्रिक्वेन्सी गच्च भरेल आणि खरी विमानंच ऐकू येणार नाहीत, म्हणून अमेरिकेत एफएए या विमान वाहतूक नियामकाने छोट्या ड्रोनना ते सरसकट बंद केलंय. ड्रोन आपली ओळख सांगतो ते रिमोट आयडी असतं वाय-फाय किंवा ब्लूटूथवर, त्याचा कॉकपिटला उपयोग नाही. त्यांना आपण दिसत नाही हेच धरून उडवायचं, बाजूला आपणच व्हायचं.

बाकी तुमचं काम मॅपिंगचं आहे तर रिसीव्हर असलेलाच घ्या. आणि घेतल्यावर रिमोटचा आवाज कमी करून ठेवू नका, मॅपिंगमध्ये ड्रोन आपोआप रेघा मारत असतो आणि माणसाचं लक्ष बॅटरीच्या आकड्यावर, वॉर्निंग स्क्रीनच्या कोपऱ्यात येऊन जाते आणि कळत पण नाही.

उडतीखार:
ओके, रिसीव्हरवाला फिक्स. शेजारी उभा करायला माणूस शोधतो आता, धाकट्या भावाला विचारून बघतो, फुकट येतो का ते.