वळीव झाला की सकाळी मासे वर तोंड काढतात

टिळकवाडीकर: परसात सिमेंटची टाकी आहे, ८ बाय ५ फूट, खोली अडीच. सात-आठ कोय (मोठे रंगीत जपानी मासे), बाकी बारके गप्पी मासे. उन्हाळाभर पाणी हिरवंगार. परवा रात्री वळीव झाला नि सकाळी कोय वर येऊन तोंड उघडझाप कराय लागले. ऊन चढल्यावर बरे झाले. सगळं पाणी बदलू काय?

जांबोटी रोडचा काका: अजिबात नको. पहाटे वर येतात नि उन्हात खाली जातात, म्हणजे पाण्यात प्राणवायू कमी पडतोय बघ. तुझं हिरवं पाणी म्हणजे बारीक शेवाळ. ते दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. त्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. वरनं वळवानं कौलावरची धूळ नि आंब्याचा पाला टाकीत आणला. तो कुजायलाही प्राणवायूच खातो.

हवेचा पंप रात्री चालू पाहिजे. लोक दिवसा लावतात नि झोपताना बंद करतात, उलटं काम! लाईट गेली तर तांब्यानं टाकीतलंच पाणी उंचावरनं ओत. चुरमुरे टाकत असशील तर आठवडाभर बंद. तुझ्या टाकीत २८०० लिटर पाणी मावतं. त्यातलं चौथाई, तळाच्या गाळासकट, पाईपनं ओढून नारळाला घाल. भरतीला नळाचं पाणी एक दिवस पिंपात उघडं ठेवून घाल, क्लोरीन उडून जातो. निम्म्या टाकीवर शेडनेट टाक, शेवाळ आपसूक कमी होतंय.

जूनच्या आत वरच्या कडेला जादा पाणी जायला जाळी लावलेला पाईप बसव, नाहीतर आपल्याकडच्या पावसात गप्पी गटारात. तांबड्या मातीचा लोंढा आत येऊ देऊ नको. पावसाचं पाणी मऊ, त्यात क्षार नसतात, म्हणून पीएच (पाण्याच्या आम्लपणाचं माप) खालीवर होतो. तो सावरायला गोव्याला कोण जात असेल तर शिंपले आणायला सांग, धुवून पिशवीत बांधून टाकीत सोड. थंडीत काय विशेष नाही. दुपारीच खायला घाल, तेही थोडं.

निपाणीची सून: काका, आमची टाकी नवी आहे, सिमेंट नुकतंच वाळलंय. मासे कधी सोडू?

जांबोटी रोडचा काका: घाई नको ताई. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो नि पीएच चढतो. टाकी भरा, केळीच्या खुंटाचे तुकडे टाका, चार-पाच दिवसांनी उपसा, पुन्हा भरा. असं दोन-तीनदा. पीएच मोजायच्या पट्टीवर तो साडेआठच्या खाली आला की आधी दोन गप्पी सोडा, कोय मागनं.

टिळकवाडीकर: काका, पंप लावला, आज कोणी वर आलं नाही. पण खंड्या रोज येऊन बसतोय.

जांबोटी रोडचा काका: तो गप्पी नेतो, बगळा कोय नेईल. नायलॉनची जाळी ताण, काठापासनं वीतभर उंच. पाण्याला टेकू देऊ नको, बेडकं अडकतात.