ओके म्हणजे 'झिरो किल्ड' नाही हो
काही जण सांगतात की युद्धात एकही सैनिक मेला नाही की 'झिरो किल्ड' (0K) लिहायचे, त्यावरून ओके आला. व्हॉट्सॲपी थाप आहे ही. छापील ओके पहिल्यांदा सापडतो तो २३ मार्च १८३९च्या बोस्टन मॉर्निंग पोस्ट या अमेरिकन पेपरमध्ये, तेव्हा तिकडच्या पेपरवाल्यांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याचा शॉर्टफॉर्म करायचं खूळ लागलेलं, म्हणून 'ऑल करेक्ट'चं 'ओल कोरेक्ट' (oll korrect) नि त्याचं ओके. असले बाकीचे शॉर्टफॉर्म मेले, हा वाचला कारण १८४०च्या निवडणुकीत तेव्हाचा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेनच्या समर्थकांनी 'ओके क्लब' काढले, त्याचं गाव किंडरहूक ना, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. बिचारा निवडणूक हरला ते सोडा. हे सगळं ॲलन वॉकर रीड या भाषा अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुने पेपर चाळून शोधून काढलंय.