धीर देणारी जुनी जपानी गाणी : १९९० च्या सुमारास त्यांची एवढी लाट का आली?

नीलमोहर

नमस्कार. पुण्यातील आमच्या जपानी भाषेच्या वर्गाचे स्नेहसंमेलन जवळ आले असून, ऐकणाऱ्याला उभारी देणारे एखादे जुने जपानी गाणे त्यात समूहाने म्हणावे, असे ठरले आहे. शिक्षिकांनी झार्डचे ‘माकेनाइदे’ (१९९३) ऐकवले. त्या धाग्याने शोधत गेले, तेव्हा कान या गायकाचे ‘आइ वा कात्सु’ (१९९०), तसेच नोरियुकी माकिहारा यांचे ‘दोन्ना तोकी मो’ आणि दाइजी मॅन ब्रदर्स बँडचे ‘सोरे गा दाइजी’ (दोन्ही १९९१) ही गाणी हाती लागली. चारही गाण्यांचा सूर ‘खचू नकोस, पुढे चल’ असाच आहे आणि चारही दहा लाखांहून अधिक खपली. जेमतेम अडीच वर्षांत एकाच भावनेची एवढी गाणी लोकांनी डोक्यावर घेतली, याचे कारण म्हणून जपानचा आर्थिक फुगा फुटला आणि समाजाला धीराची गरज भासू लागली, असे वाचायला मिळते. हे स्पष्टीकरण जाणकारांना पटते का? शिवाय त्याआधीच्या दशकांतील कोणती गाणी आवर्जून ऐकावीत, हेही कृपया सांगावे.

जुनी तबकडी

मंदीचे स्पष्टीकरण ऐकायला सोपे आहे. तारखा समोर ठेवल्या की मात्र ते डळमळू लागते. निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरच्या व्यवहाराच्या दिवशी ३८,९१५ वर पोहोचला आणि १९९० मध्ये कोसळला हे खरे; पण शेअर बाजाराची पडझड सर्वसामान्य घरांपर्यंत आणि विशेषतः नोकरभरतीपर्यंत पोहोचायला बराच काळ गेला. ‘दोन्ना तोकी मो’ हे गाणे १९९१ च्या ज्या चित्रपटासाठी वापरले गेले, त्याचा विषयच मुळी पदवीधरांची नोकरीसाठीची धावपळ हा होता, आणि ती धावपळ तेजीच्या दिवसांतील होती, जेव्हा विद्यार्थी कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा कंपन्याच विद्यार्थ्यांच्या मागे लागत असत. त्यामुळे गाण्यातील तरुणाची भीती बेकारीची नाही. सगळी दारे उघडी असताना आपण आपल्यासारखे राहू का, ही त्याची चिंता आहे. पुढे दोन-तीन वर्षांत भरती आटली, जपानी वृत्तपत्रे ज्याला नोकऱ्यांचे हिमयुग म्हणू लागली तो काळ आला, आणि एकही दार न उघडलेल्या मुलांनी तेच गाणे आपले मानले. गाणे आधी आले आणि त्याला साजेसे दुःख नंतर आले, असा हा उलटा क्रम आहे.

‘आइ वा कात्सु’चे तर कारणच वेगळे. ते मूळचे एका अल्बममधील गाणे. फुजी वाहिनीच्या एका विनोदी कार्यक्रमात ते वाजू लागले आणि मग त्याची स्वतंत्र सीडी धडाक्याने खपली. त्या वर्षांत मालिका, जाहिराती आणि गाणी यांची सांगड घट्ट बसलेली होती आणि घोळक्याने गाण्यासाठी काराओकेच्या खोल्या गावोगावी निघत होत्या. एकदा ऐकून ध्रुवपद सर्वांना एकसुरात म्हणता आले पाहिजे, ही तेव्हाच्या बाजाराची गरज होती, आणि धीर देणारे ध्रुवपद ती गरज फार चांगली भागवते. लोकांना दिलासा हवा होता हे मी नाकारत नाही. परंतु तो दिलासा पुरवणारी यंत्रणा आधीच उभी होती, हे विसरता कामा नये.

कोबेवासी

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. त्यात एका यंत्रणेची भर घालतो, जिचा उल्लेख भारतात सहसा होत नाही : ती म्हणजे शालेय बेसबॉल. दर वसंतात निशिनोमिया येथील कोशिएन मैदानावर माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि उद्घाटनाच्या दिवशी संघ ज्या धूनवर संचलन करतात, ती बहुधा आदल्या वर्षीच्या लोकप्रिय गाण्याची असते. १९६२ मध्ये ‘उए ओ मुइते आरुको’, १९६९ मध्ये ‘सानब्याकु-रोकुजूगोहो नो माची’, १९९२ मध्ये ‘दोन्ना तोकी मो’, १९९४ मध्ये ‘माकेनाइदे’ ही गाणी तेथे वाजली. शब्द नसलेल्या या वाद्यसंगीतात मुलांची पावले पडताना देशभरातील लोक दूरचित्रवाणीवर पाहतात, आणि मूळ गाणे कशाविषयी होते हे मागे पडून ते प्रोत्साहनाचे गाणे म्हणून कायमचे ओळखले जाऊ लागते.

१९९५ चे संचलन सर्वांत बोलके आहे. १७ जानेवारीला कोबे आणि परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, सहा हजारांहून अधिक माणसे गेली, निशिनोमियाचीही मोठी हानी झाली. अशा वेळी स्पर्धा भरवावी की नाही यावर चर्चा झाली आणि अखेर ती भरली, तेव्हा स्मॅप या गटाचे १९९४ चे ‘गान्बारिमाशो’ हे गाणे वाजले. मुळात ते रोजच्या कंटाळवाण्या सकाळी स्वतःला कसेबसे उठवणाऱ्या तरुणाचे हलकेफुलके गाणे. भूकंपानंतर ते कोणीही हलकेपणाने ऐकले नाही. पुढच्या वर्षी मायो ओकामोतो यांच्या ‘टुमारो’ची निवड झाली.

‘माकेनाइदे’च्या बाबतीतही असेच घडले आहे. त्याची कडवी नीट वाचल्यास ते नजरानजरेच्या आनंदापासून सुरू होणारे प्रेमगीत आहे, हे लक्षात येते. दर उन्हाळ्यात चोवीस तास चालणाऱ्या धर्मादाय दूरचित्रवाणी कार्यक्रमात थकलेला धावपटू शेवटचे अंतर कापत असताना सगळे मिळून हे ध्रुवपद गातात, आणि तिथपासून ते प्रेयसीचे न राहता सर्वांचे झाले. गीत लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या इझुमी साकाई मात्र १९९३ नंतर दूरचित्रवाणीवर जवळजवळ दिसल्याच नाहीत. २००७ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तिरकस

माझा एक आक्षेप नोंदवतो. या यादीतील निम्मी गाणी फार गोड आहेत. ‘सोरे गा दाइजी’मध्ये हरू नये, सोडून देऊ नये, पळू नये आणि शेवटपर्यंत विश्वास ठेवावा अशा चार गोष्टी सांगून ‘तेच सर्वांत महत्त्वाचे’ असे म्हटले आहे; चारांपैकी नेमके कोणते, हा विनोद जपानमध्ये आजही चालतो. ज्याला खरोखर मार बसला आहे, त्याने मियुकी नाकाजिमा यांचे १९८३ च्या अल्बममधील ‘फाइतो!’ ऐकावे. शिक्षण कमी म्हणून काम नाकारल्या गेलेल्या मुलीच्या पत्राने ते सुरू होते, गाव सोडू न शकलेल्या माणसाची कुचंबणा त्यात येते, आणि लढणाऱ्याला न लढणारे हसतील, हे ते सरळ सांगून टाकते. जिंकशील, असे आश्वासन त्यात कोठेही नाही. त्याच गायिकेचे ‘चिजो नो होशी’ (२०००) हे अनाम अभियंत्यांवरील एनएचकेच्या मालिकेसाठी होते आणि बाजारात आल्यानंतर अडीच वर्षांनी, २००३ च्या जानेवारीत, ते विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. लोकांना कडू औषधही चालते, याचा हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

नीलमोहर

सर्वांचे मनापासून आभार. ‘फाइतो!’ ऐकले आणि सुन्न झाले. परंतु पालक आणि लहान मुले समोर असताना ते आमच्या गटाला पेलणार नाही. ‘उए ओ मुइते आरुको’ आणि त्या दीर्घ नावाच्या १९६९ च्या संचलनगीताबद्दल कोणी थोडे अधिक सांगेल का?

जुनी तबकडी

‘उए ओ मुइते आरुको’ (१९६१) म्हणजे रोकुसुके एइ यांचे शब्द, हाचिदाइ नाकामुरा यांचे संगीत आणि क्यू साकामोतो यांचा आवाज. जून १९६३ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे अग्रस्थानी होते. रात्री एकटा चाललेला माणूस अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालतो, इतकेच त्यात घडते. चाल प्रसन्न आणि आशय उदास, म्हणून ते अनेकांना आनंदी गाणे वाटते. १९८५ च्या विमान अपघातात साकामोतो गेले आणि २०११ च्या भूकंपानंतर एका पेय कंपनीच्या जाहिरातींत अनेक कलाकारांनी ते एकेक ओळ करून गायले, तेव्हापासून जपानी श्रोत्यांसाठी त्याला आणखी काही पदर जोडले गेले आहेत. त्यातील शीळ साधायला अवघड आहे, हेही लक्षात घ्यावे.

दुसरे गाणे कियोको सुइझेनजी यांचे आहे. ते १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये आले, म्हणजे जपानचे राष्ट्रीय उत्पन्न पश्चिम जर्मनीला मागे टाकत होते त्याच वर्षी, आणि तरीही सुख आपणहून चालत येत नाही, आपणच चालत जावे लागते, तीन पावले पुढे टाकली तर दोन मागे यावे लागते, असे हिशेबी बोल त्यात आहेत. तेजीच्या ऐन भरात देश हे गाणे गात होता, हा मंदीच्या सिद्धान्ताविरुद्धचा माझा आवडता मुद्दा आहे. तुमच्या गटासाठी मी हेच सुचवेन : शब्द सुटे आणि ठसठशीत, लय पावलांची, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही अर्थ लागेल इतकी साधी क्रियापदे. ‘माकेनाइदे’ घ्यायचेच असेल, तर स्वरपट्टी थोडी खाली उतरवून केवळ ध्रुवपद सर्वांनी म्हणावे आणि कडवी एक-दोघींकडे सोपवावीत.